हृदयात बसवायच्या मशीनची चाचणी : सही किंवा अंगठा देण्याआधी काय माहीत असावे?

नेर (जि. यवतमाळ) : चार पावले चालले की दम लागतो, रात्री उताणे झोपले की जीव घाबरतो, उशाला दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. गावात याला कोणी 'दमा' म्हणते, कोणी 'वयाचा थकवा'. यवतमाळला किंवा अमरावतीला इको केल्यावर कळते की हृदयाचे पंपिंग कमी झाले आहे. मग गोळ्या सुरू होतात. काही रुग्णांना पुढे नागपूर, सेवाग्राम, सावंगी किंवा मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले जाते. तिथे कधी कधी डॉक्टर सांगतात, "एक मशीन बसवावी लागेल." आणि एखाद्याला असेही विचारले जाते, "नवीन मशीनची चाचणी सुरू आहे, तुम्ही सहभागी व्हाल का?"

घरचे लोक इथेच गोंधळतात. चाचणी म्हणजे आपल्यावर प्रयोग होणार का? नाही म्हटले तर उपचार बंद होतील का? काही झाले तर जबाबदार कोण? या प्रश्नांची सोप्या भाषेत माहिती इथे दिली आहे.

हार्ट फेल्युअर म्हणजे नेमके काय

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. ते हार्ट अटॅकही नव्हे. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद होते. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त ढकलण्याची ताकद त्यात उरलेली नसते. विहिरीवरची मोटर चालू आहे, पण पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तसे. मग फुप्फुसात, पायात, पोटात पाणी साचते.

याची कारणे बरीच आहेत. जुना हार्ट अटॅक, अनेक वर्षे वाढलेला बीपी, शुगर, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा, दारू, काही विषाणूंचा संसर्ग. काही बायकांना बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरही हा आजार होतो.

इकोच्या रिपोर्टवर 'ईएफ' असे लिहून पुढे एक आकडा असतो. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, ते हा आकडा सांगतो. निरोगी माणसात तो साधारण ५५ च्या वर असतो. तो ३५ किंवा त्याहून खाली गेला की डॉक्टर मशीनचा विचार करू लागतात. पण लगेच नाही. आधी निदान तीन महिने योग्य गोळ्या योग्य डोसमध्ये देऊन पाहतात, कारण बऱ्याच रुग्णांचे पंपिंग गोळ्यांनीच सुधारते. अटॅक नुकताच येऊन गेला असेल, तर झटका देणारी मशीन बसवण्याआधी निदान ४० दिवस थांबतात.

आजार हलका नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील दवाखान्यांत २०१३ साली हार्ट फेल्युअरने भरती झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वय ६१ च्या आसपास होते. पुढच्या पाच वर्षांत त्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक दगावले. म्हणूनच नवीन उपचारांची गरज आहे. आणि म्हणूनच ते उपचार नीट तपासलेले असण्याचीही गरज आहे.

मशीन एकच नसते

'हृदयात मशीन बसवली' असे म्हटले जाते, पण त्यात वेगवेगळे प्रकार आहेत. आपल्याला कोणती सांगितली आहे, ते नाव कागदावर लिहून घ्यावे.

पेसमेकर : हृदयाचे ठोके फार मंद झाले तर ही मशीन ठोका लावून देते. छातीच्या वरच्या भागात कातडीखाली काडीपेटीपेक्षा थोडी मोठी डबी बसवतात आणि तिची तार शिरेतून हृदयापर्यंत नेतात.

आयसीडी : कमजोर हृदयाचे ठोके कधी कधी अचानक बेफाम होतात आणि माणूस जागीच दगावतो. ही मशीन असे ठोके ओळखते आणि आतूनच विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणते. तिच्यामुळे पंपिंग वाढत नाही. तिचे काम अचानक येणारा मृत्यू टाळण्याचे आहे.

सीआरटी : हृदयाची डावी-उजवी बाजू एकाच वेळी आकुंचन पावत नसेल, तर ही मशीन दोन्ही बाजूंना एकत्र ठोका देते. जोडीतले बैल मागेपुढे चालले तर नांगर नीट चालत नाही, तशातला हा प्रकार. ईसीजीमध्ये ठरावीक बदल असतील त्यांनाच तिचा फायदा होतो.

एलव्हीएडी : हा डाव्या कप्प्याला जोडलेला पंपच असतो. याची वायर पोटातून बाहेर येते आणि बॅटरी अंगावर बाळगावी लागते. अगदी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी ही मशीन असते.

प्रेशर सेन्सर : फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत बसवलेले पेपर क्लिपएवढे यंत्र. ते आतला दाब मोजते, म्हणजे पाणी साचायच्या आधीच डॉक्टरांना अंदाज येतो.

चाचणी कशाला? डॉक्टरांना माहीत नसते का?

मशीन डोक्याने चांगली वाटणे वेगळे आणि माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे चांगली चालणे वेगळे. याचे पुरावे इतिहासात आहेत.

पूर्णपणे शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला गेला. ती पहिली मशीन काही तासांतच बंद पडली. पुढे त्यांना एकामागून एक सुधारलेल्या मशीन बसवल्या गेल्या आणि ते २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. पहिली आयसीडी माणसात बसवली गेली १९८० साली, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे. सरसकट वापर होण्याआधी तिलाही अनेक वर्षांच्या चाचण्यांतून जावे लागले.

चाचणीमुळे काय कळते, याची काही उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण २००५ सालचे. कमजोर हृदयाच्या २,५२१ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीच्या औषधांसोबत आयसीडी, दुसऱ्याला ठोके सांभाळणारी गोळी, तिसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. आयसीडीच्या गटात मृत्यूचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झाले. ठोक्यांच्या गोळीचा मात्र जीव वाचवण्यात काहीच फायदा दिसला नाही. चाचणी झाली नसती, तर त्या गोळीवरच लोक विसंबून राहिले असते.

दुसरे उदाहरण त्याच वर्षीचे. युरोपात ८१३ रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त औषधे आणि निम्म्यांना औषधांसोबत सीआरटी दिली. फक्त औषधे घेणाऱ्यांत १२० मृत्यू झाले, सीआरटी असलेल्यांत ८२. म्हणजे योग्य रुग्णाला ही मशीन जगवते.

तिसरे उदाहरण उलटे आहे आणि तेच जास्त लक्षात ठेवण्यासारखे आहे. सीआरटीचा इतका फायदा होतो, तर ईसीजीत तसे बदल नसलेल्यांनाही ती बसवून पाहावी, असे वाटले. ८०९ रुग्णांना मशीन बसवली. निम्म्यांची सीआरटी चालू ठेवली, निम्म्यांची बंद. फायदा दिसत नाही म्हणून २०१३ साली ही चाचणी मध्येच थांबवावी लागली. ज्यांची मशीन चालू होती त्यांच्यात ४५ मृत्यू झाले, बंद होती त्यांच्यात २६. म्हणजे जी मशीन एका रुग्णाला तारते, तीच चुकीच्या रुग्णाला अपाय करू शकते.

बाजारात आल्यावरही तपासणी संपत नाही. एचव्हीएडी नावाचा हृदयाचा पंप अनेक वर्षे वापरात होता. त्यावर मेंदूच्या झटक्याचे आणि मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या पंपापेक्षा जास्त दिसले, शिवाय बंद झाल्यावर तो पुन्हा सुरू न होण्याच्या तक्रारी आल्या. शेवटी जून २०२१ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली.

मुंबईत झालेले काम : वापरलेली मशीन पुन्हा चालते का?

महाराष्ट्रातले एक उदाहरण या बाबतीत जगभर वाचले गेले. प्रश्न गरिबांचा होता. आयसीडी आणि पेसमेकर महाग. गरिबाला ती परवडत नाहीत. दुसरीकडे अमेरिकेत एखादा रुग्ण वारला किंवा त्याची मशीन बदलली, की बॅटरी शिल्लक असलेली चांगली मशीन टाकून दिली जाते. ती काढून, साफ करून, निर्जंतुक करून दुसऱ्या माणसाला बसवली तर?

मुंबईत वांद्रे येथील होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये हे काम झाले. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉ. बेहजाद पावरी, मुंबईचे डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वापरलेल्या आयसीडी ८१ गरजू रुग्णांना बसवल्याची माहिती २०१२ साली प्रसिद्ध केली. काही रुग्णांना बॅटरी संपल्यावर दुसरीही मशीन लागली, त्यामुळे एकूण १०६ मशीन वापरल्या गेल्या. सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ रुग्णांवर लक्ष ठेवले. मशीनमुळे संसर्ग झाल्याची एकही नोंद झाली नाही, आणि अनेकांचे बेफाम झालेले ठोके या वापरलेल्या मशीननेच ताळ्यावर आणले. त्याच वर्षी त्याच हॉस्पिटलमधील दुसरा अभ्यासही आला. अमेरिकेत अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी मृतांच्या कुटुंबांच्या संमतीने दिलेले पेसमेकर मुंबईत ५३ गरीब रुग्णांना बसवले होते. त्यातही संसर्गाची किंवा मशीन बिघडण्याची मोठी अडचण आढळली नाही.

पण एवढ्यावर 'सिद्ध झाले' म्हणता येत नव्हते. रुग्ण थोडे होते आणि तुलनेसाठी नव्या मशीनचा गट सोबत नव्हता. म्हणून पुढचे काम झाले. कॅनडातील डॉक्टरांनी २०२० साली मोठी तुलना मांडली. वापरलेली मशीन बसवलेले १,०५१ रुग्ण एका बाजूला आणि नवी मशीन बसवलेले ३,१५३ रुग्ण दुसऱ्या बाजूला. दोन वर्षांत संसर्गाचे प्रमाण पहिल्या गटात २ टक्के, दुसऱ्यात १.२ टक्के निघाले. हा फरक ठामपणे मशीनमुळेच आहे असे म्हणण्याइतका नव्हता. त्यानंतर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने सात देशांतील जवळपास ३०० रुग्णांवर चिठ्ठी टाकून गट पाडण्याच्या पद्धतीने चाचणी केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या निकालानुसार पहिल्या ९० दिवसांत वापरलेल्या पेसमेकरमुळे संसर्ग वाढलेला दिसला नाही.

थोड्या रुग्णांपासून सुरुवात, मग मोठी तुलना, मग समोरासमोर चाचणी. मुंबईत टाकलेले पाऊल या साखळीतले सुरुवातीचे होते. मात्र याचा अर्थ कोणीही कुठेही वापरलेली मशीन बसवून घ्यावी असा नाही. अमेरिकेत आजही त्यांच्या स्वतःच्या रुग्णांना अशी मशीन बसवायला परवानगी नाही. आपल्याला बसवली जाणारी मशीन नवी आहे की नाही, हे विचारण्याचा आणि तिचा नंबर, स्टिकर आणि बिल मागण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

चाचणी होते कशी

पहिली पायरी प्रयोगशाळेची. बॅटरी किती वर्षे चालते, तार लाखो वेळा वाकवल्यावर तुटते का, मिठाच्या पाण्यात डबी गळते का, हे तपासतात. दुसरी पायरी जनावरांवरची. तिसरी पायरी मोजक्या रुग्णांवरची, मशीन सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी. चौथी शेकडो रुग्णांवरची, फायदा खरोखर होतो का हे पाहण्यासाठी. परवानगी मिळून विक्री सुरू झाल्यावरही तक्रारींवर लक्ष ठेवणे ही पाचवी पायरी. त्यामुळे चाचणीत येण्याबद्दल विचारणा झाली तर पहिला प्रश्न हाच : "ही कितवी पायरी आहे? याआधी किती माणसांना ही मशीन बसवली आहे?"

मोठ्या चाचणीत गट कोणता मिळणार, हे डॉक्टर ठरवत नाहीत आणि रुग्णही ठरवत नाही. कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतो. काही चाचण्यांत मशीन सगळ्यांना बसवतात, पण निम्म्यांची काही महिने बंद ठेवतात. अमेरिकेत सीआरटीच्या सुरुवातीच्या एका चाचणीत ४५३ रुग्णांना मशीन बसवून असेच केले होते, सहा महिन्यांसाठी. प्रेशर सेन्सरच्या चाचणीत ५५० रुग्णांना सेन्सर बसवले, पण डॉक्टरांना दाबाचे आकडे निम्म्यांचेच दाखवले.

असे का करतात? मशीन बसवली या विश्वासानेच माणसाला बरे वाटू लागते. ऑपरेशन झाले, मोठ्या डॉक्टरांनी पाहिले, घरच्यांनी काळजी घेतली, की चालणेही वाढते. तो फरक मशीनचा की मनाचा, हे असे गट केल्याशिवाय कळत नाही.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चाचणीत जाणे म्हणजे नव्या मशीनचा उपचार नक्की मिळणे, असे नाही. जुना उपचारच मिळू शकतो, मशीन बंद असू शकते, नवी मशीन जुन्याहून वाईटही निघू शकते. ज्याला हे मान्य आहे त्यानेच हो म्हणावे.

कायदा रुग्णाच्या बाजूने काय सांगतो

एकेकाळी आपल्या देशात चाचण्यांवर फारसा वचक नव्हता. गरीब, न शिकलेल्या लोकांना न सांगता चाचणीत घेतल्याच्या तक्रारी झाल्या. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२ साली सुप्रीम कोर्टात दाद मागितली. २०१३ पासून नियम कडक झाले. मशीनसाठी वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आहेत, ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. औषधांसाठी २०१९ चे नवे नियम आहेत. त्यांचा सार असा.

परवानगी : नवीन मशीनची माणसांवर चाचणी करायला केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी लागते. शरीरात बसणाऱ्या हृदयाच्या मशीन सर्वांत जोखमीच्या 'ड' वर्गात येतात.

नैतिकता समिती : दवाखान्यात एथिक्स कमिटी असते. तिची मंजुरी लागते. तीत डॉक्टरांशिवाय कायद्याचा जाणकार, सामान्य नागरिक आणि महिला सदस्य असावे लागतात. या समितीच्या अध्यक्षांचा किंवा सचिवांचा फोन नंबर रुग्णाला दिलेल्या माहितीपत्रकात असतो.

नोंदणी : पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली आहे. चाचणीला नंबर मिळतो, त्याची सुरुवात 'सीटीआरआय' या इंग्रजी अक्षरांनी होते, पुढे वर्ष आणि महिना असतो. घरातल्या शिकलेल्या मुलामुलीने मोबाईलवर हा नंबर टाकून पाहावे. चाचणी कशाची, कोणत्या दवाखान्यात, पैसा कोणाचा, हे तिथे दिसते.

संमती : माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. मराठी समजत असेल तर मराठीत, गोरमाटी किंवा गोंडी बोलणाऱ्याला त्याला कळेल असे सांगावे लागते. वाचता न येणाऱ्या रुग्णाचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर पाहिजे. माहितीपत्रक आणि सही केलेल्या फॉर्मची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे.

सोडण्याचा हक्क : कोणत्याही दिवशी, कारण न सांगता चाचणी सोडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सुरुवातीलाच 'नाही' म्हटले तरीही तेच.

भरपाई : चाचणीदरम्यान इजा झाली तर मोफत उपचार करावे लागतात. इजा किंवा मृत्यू चाचणीमुळे झाला असे ठरले, तर चाचणी करवणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला रुग्णाला किंवा वारसाला भरपाई द्यावी लागते. म्हणून फॉर्ममध्ये वारसाचे नाव नीट लिहून घ्यावे.

सही करण्याआधी विचारायचे दहा प्रश्न

१. मशीनचे नाव काय? कोणत्या प्रकारची?

२. माझ्या आजारावर आजच उपलब्ध असलेला, सिद्ध झालेला उपचार कोणता? तो मला पूर्ण दिला गेला आहे का?

३. याआधी किती माणसांना ही मशीन बसवली? त्यात काय त्रास झाले?

४. मला मशीन मिळणारच का, की चिठ्ठीवर अवलंबून? मशीन बंद ठेवली जाईल का, किती दिवस?

५. ऑपरेशन, मशीन, तपासण्या, भरती यांचा खर्च कोणाचा?

६. किती वेळा यावे लागेल? गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी मिळेल का?

७. चाचणी संपल्यावर मशीनचे काय? बॅटरी संपली तर नवी कोण देणार? तार खराब झाली तर?

८. मशीन काढायची वेळ आली तर काढता येते का? त्यात धोका किती?

९. रात्री-बेरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा?

१०. भरपाई आणि विमा याबद्दल कुठे लिहिले आहे?

यातला सातवा प्रश्न बहुतेक जण विसरतात. गोळी आवडली नाही तर बंद करता येते. मशीन शरीरात राहते. तिची बॅटरी काही वर्षांनी संपते आणि त्या वेळी चाचणी केव्हाच संपलेली असू शकते. याचे उत्तर तोंडी नको, कागदावर हवे.

सहावा प्रश्नही नेरकरांसाठी महत्त्वाचा. नेर ते यवतमाळ सुमारे ३० किलोमीटर, अमरावती त्याच्या दुप्पट. नागपूर दीडशे किलोमीटरहून लांब. जाणे-येणे, सोबतचा माणूस, मुक्काम असे सगळे धरावे लागते. पेरणीत किंवा कापूस वेचणीत तारीख चुकली तर रुग्णाचेच नुकसान होते. जमणार नसेल तर आधीच सांगावे.

कधी थांबावे

"आजच सही करा, उद्या जागा राहणार नाही," अशी घाई केली तर थांबावे. फॉर्म घरी न्यायला नाही म्हटले तर थांबावे. सीटीआरआय नंबर सांगता आला नाही, प्रत दिली नाही, किंवा चाचणीतल्या मशीनसाठीच पैसे मागितले, तर सही न करता एथिक्स कमिटीच्या नंबरवर फोन करावा. फॉर्म घरी आणून दोन दिवस विचार करणे आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवणे यात गैर काही नाही. चांगले डॉक्टर स्वतःच तसे सुचवतात.

मशीन बसल्यावर तिचीही तपासणी असते

'मशीन बसवली म्हणजे कायमचं झालं' असे गावात बरेच जण समजतात. तसे नाही. पहिल्या काही आठवड्यांत एकदा, नंतर पेसमेकर साधारण वर्षातून एक-दोनदा आणि आयसीडी किंवा सीआरटी तीन ते सहा महिन्यांनी तपासावी लागते. यासाठी सुई नाही, काप नाही. छातीवर एक वायर असलेले यंत्र ठेवून कॉम्प्युटरवर बॅटरी, तार आणि झटक्यांची नोंद पाहतात. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.

मशीनसोबत मिळालेले कार्ड नेहमी खिशात असावे, फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. मोबाईल मशीनपासून निदान १५ सेंटीमीटर लांब धरावा, त्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवू नये. वेल्डिंगचे काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रानडुकरांसाठी शेताला लावलेल्या झटका मशीनच्या तारेपासून लांबच राहावे. त्या झटक्याने हृदयातली मशीन फसू शकते. चुकून लागलाच तर मशीन तपासून घ्यावी. एमआरआयआधी कार्ड दाखवावे. आयसीडीने एक झटका दिला आणि नंतर बरे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ झटके बसले किंवा चक्कर आली तर थेट १०८ ला फोन करावा.

आणखी एक गोष्ट, बोलायला अवघड पण गरजेची. मशीन असलेला माणूस वारला तर दहनाआधी मशीन काढून घ्यावी लागते. चितेत बॅटरीचा स्फोट होतो आणि जवळच्या माणसांना इजा होऊ शकते. मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर देह ताब्यात घेण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. घरी झाला असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारावे.

मदत कुठे मिळेल

पेसमेकर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. इतर मशीनबद्दल योजनेतील दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावे किंवा १५५३८८ अथवा १८०० २३३ २२०० या नंबरवर फोन करावा. योजनेत किंवा नेहमीच्या उपचारात मिळू शकणाऱ्या मशीनसाठी कोणी चाचणीत यायला सांगत असेल, तर आधी ही चौकशी करावी.

बसवलेल्या कोणत्याही मशीनमुळे त्रास झाला तर त्याची तक्रार नोंदवता येते. २०१५ पासून देशात मटेरियोव्हिजिलन्स नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू आहे, त्याचे केंद्र गाझियाबाद येथे आहे. १८०० १८० ३०२४ हा त्यांचा मोफत नंबर आहे. मशीनचे नाव आणि स्टिकरवरचा नंबर हाताशी ठेवून फोन करावा.

वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढणे, पाय सुजणे, आडवे झोपल्यावर दम कोंडणे ही लक्षणे दिसली तर मशीन असो की नसो, चाचणीत असो की नसो, पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि सगळे कागद, म्हणजे इको, ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, संमती फॉर्मची प्रत आणि मशीनचे कार्ड, एकाच पिशवीत ठेवून ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना माहीत असावे.